दोन महिने आकडा हलला नाही: टीपीएमएस घेताना मी कसा फसलो

मी नागपुरात मानेवाड्याला राहतो आणि रोज मोटरसायकलने बुटीबोरी एमआयडीसीत जातो. वर्धा रोडवर दोन्ही बाजूंनी ट्रक. फेब्रुवारीत मागच्या चाकात बारीक खिळा शिरला. टायर ट्यूबलेस, म्हणून दोन दिवस कळलंच नाही. तेव्हापासून टीपीएमएस, म्हणजे टायरमधल्या हवेच्या दाबावर लक्ष ठेवणारं यंत्र, बसवावं असं मनात होतं. व्हॉल्व्हवर टोपीसारखे दोन सेन्सर बसतात, ते हवेचा दाब मोजून हँडलवरच्या डिस्प्लेला कळवतात. हवा उतरली की डिस्प्ले वाजतो.

सीताबर्डीकडच्या एका दुकानात विचारायला गेलो. दुकानदार म्हणाला, "भाऊ, हे आता कंपल्सरी होऊन राहिलं. टू-व्हीलरलाही. आज घ्या, नंतर भाव डबल होईन."

हे साफ खोटं होतं, पण ते मला नंतर कळलं. २०२० साली केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने नियम बदलला तो कारसाठी. ट्यूबलेस टायर, पंक्चरचं किट आणि टीपीएमएस असेल तर स्टेपनी नसली तरी चालते, एवढाच तो बदल. ती सवलत आहे, आणि मोटरसायकलचा तिच्याशी संबंध नाही.

दुकानदाराने ३,२०० रुपये सांगितले. दुकानातल्या पोराने टोप्या बसवल्या, मला विचारलं, "हवा किती ठेवता?" मी म्हटलं, पुढे २५, मागे ३३. त्याने तेवढी भरली, डिस्प्लेची दोन बटणं दाबली, म्हणाला, "पेअर करतो." डिस्प्लेवर २५ आणि ३३ उमटले. मला पटलं. ते आकडे त्याने हाताने टाकले होते.

पुढचे दोन महिने २५ आणि ३३. मार्चच्या गार सकाळी तेच, मे महिन्यात पारा ४५ ला टेकला तेव्हाही तेच. मला वाटायचं, हवा किती छान टिकून आहे! खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. टायर तापला की आतली हवा फुगते. सकाळी ३३ भरलेलं चाक भर उन्हात तीस किलोमीटर पळाल्यावर तीन-चार पौंड तरी जास्त दाखवणारच. जो आकडा हलत नाही तो मोजलेला नसतो.

मेच्या शेवटच्या आठवड्यात जामठ्याजवळ गाडीचं मागचं अंग डुलायला लागलं. वेग साठच्या आसपास, मागून ट्रक, पाठीमागे बायको बसलेली. तिने माझा खांदा घट्ट धरला. ब्रेक न मारता नुसता अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी कडेला घेतली. डिस्प्ले ३३ दाखवत होता. ढकलत पंक्चरवाल्याकडे नेली, त्याने गेज लावला: १४.

त्याने टायर पाण्यात फिरवून पाहिला, खिळा कुठेच नाही. मग टोपीवर साबणाचं पाणी टाकलं, तर तिच्या कडेने बारीक बुडबुडे येत होते. पान्याने टोपी उघडली. आत ना बॅटरी, ना सर्किट. वजनासाठी लोखंडाची एक चकती आणि कडक झालेला रबरी वॉशर. "दादा, यात काहीच नाही जी," एवढंच तो म्हणाला. अशी टोपी व्हॉल्व्हची पिन सतत दाबून ठेवते, म्हणजे हवा अडवणारा तो एकच वॉशर. तो उन्हाने वाळला आणि हवा जात राहिली. हवेवर लक्ष ठेवायला घेतलेल्या वस्तूनेच हवा सोडली होती, याचा राग माझा अजून गेलेला नाही.

दुकानात परत गेलो तर, "बिल दाखवा." माझ्याकडे होती हाताने लिहिलेली चिठ्ठी, त्यावर ना दुकानाचं नाव, ना जीएसटी नंबर. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे, पण पक्कं बिल नसल्यामुळे खरेदी सिद्ध करणंच अवघड झालंय.

मोटरसायकलला हे लागतं का? शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला माझ्या मते नाही. आठवड्यातून एकदा सकाळी टायर गार असताना साध्या गेजने तपासा, भागतं. हायवेवर रोज जाणाऱ्याला, सामान आणि माणूस घेऊन लांब जाणाऱ्याला अस्सल टीपीएमएस नक्की उपयोगी. ट्यूबलेसमधली हवा हळू उतरते, आणि दोन चाकांवर त्याची किंमत जबर असते. माझ्याकडे सध्या गेजच आहे, पण अस्सल मिळालं तर मी पुन्हा घेईन.

घेणार असाल तर दुकानातच मागच्या चाकाची टोपी काढायला लावा. टोपी काढली की थोड्या वेळात आकडा खाली पडून डिस्प्ले वाजला पाहिजे. मग चार-पाच पौंड हवा सोडा, टोपी परत लावा, आकडा तेवढाच उतरलाय का ते स्वतःच्या गेजने ताडून पाहा. टोपीची बॅटरी उघडून दाखवायला सांगा, टोपीवर साबणाचं पाणी टाका. दुकानदार "एवढं काय पाहता भाऊ" म्हणाला, तर पाकीट खिशातच ठेवा.