स्क्रोल सॉ: पिनवालं पातं की बिनपिनाचं?

स्क्रोल सॉ म्हणजे लाकडात बारीक, वळणदार काप घेणारी यंत्रकरवत. नवं मशीन घेताना बरेच जण इथेच अडकतात. पिनवाल्या पात्याच्या दोन्ही टोकांना छोटी आडवी पिन असते, बिनपिनाच्याची टोकं साधी. लांबी दोन्हींची साधारण 5 इंच.

बसवायला पिनवालं सोपं: खाचेत अडकवा, ताण द्या, झालं. बिनपिनाचं क्लॅम्पमध्ये आवळावं लागतं, नीट आवळलं नाही तर सटकतं. सुरुवातीला चिडचिड होतेच.

पण खरा फरक जाळीकामात, म्हणजे लाकडाचा आतला भाग कापून केलेल्या नक्षीत. पातं आत घालायला आधी भोक पाडावं लागतं आणि पिन जाईल एवढं भोक म्हणजे बारीक नक्षीची वाटच. बिनपिनाच्याला 1 मिमीच्या आसपासचं भोक पुरतं, शिवाय दात-जाडीचे प्रकारही कितीतरी. तुटतात दोन्ही.

मुलांची खेळणी, मोठी अक्षरं, जिगसॉ कोडी करणाऱ्याला पिनवालं पुरे. नाजूक जाळी करायची असेल, तर बिनपिनाचं चालणारंच मशीन बघा.