फ्लोरिडातले बर्मी अजगर: अ‍ॅप, हेल्पलाइन, प्रशिक्षण आणि स्पर्धा, कोणती सेवा किती कामाची?

दक्षिण फ्लोरिडात कालव्याच्या बांधावर दहा-बारा फुटी बर्मी अजगर पडलेला दिसला, तर सामान्य माणसाच्या हाताशी चार सेवा आहेत. 'आयव्ह गॉट वन' हे फुकट अ‍ॅप, त्याच नावाची हेल्पलाइन (888-483-4681), 'पायथन पेट्रोल' हे प्रशिक्षण आणि 'फ्लोरिडा पायथन चॅलेंज' ही स्पर्धा. बातम्यांत स्पर्धा गाजते. आमच्या मते सगळ्यांत मोलाचे आहे ते अ‍ॅप. तेही एव्हरग्लेड्स या दक्षिण फ्लोरिडातल्या विस्तीर्ण दलदलीच्या पोटात नव्हे, तर अजगर नुकता पोचतो आहे अशा कडेकडेच्या भागांत. मायामी, नेपल्स, टँपा या पट्ट्यात बरीच मराठी कुटुंबे राहतात, म्हणून हे परीक्षण जरा तपशिलात.

आधी नुकसान किती झाले आहे ते पाहू, म्हणजे सेवांची पारख करता येईल. म्यानमार, थायलंड, दक्षिण चीन हा या सापाचा मुलूख. अमेरिकेत तो पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून आला. काही सुटले, काही आवरेनासे झाल्यावर मालकांनी सोडून दिले, आणि 2000 साली एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानात त्याची वस्ती कायमची झाल्याचे मान्य करण्यात आले. 2003 ते 2011 या काळात अभ्यासकांनी रात्री गाडीतून सुमारे 57 हजार किलोमीटर फिरून प्राणी मोजले आणि 1990च्या दशकातल्या नोंदींशी ताडून पाहिले. रॅकून दिसण्याचे प्रमाण 99.3 टक्क्यांनी घटले होते, ओपॉसम या पिशवीवाल्या सस्तन प्राण्याचे 98.9 टक्क्यांनी, बॉबकॅट या रानमांजराचे 87.5 टक्क्यांनी. ससे आणि कोल्हे तर दिसलेच नाहीत. पुढे दलदलीतल्या सशांना रेडिओ कॉलर लावून उद्यानात सोडले, तेव्हा मेलेल्या सशांपैकी 77 टक्के अजगरांनी मारल्याचे निघाले. हा पुरावा फार महत्त्वाचा, कारण तोवर रोगराई आणि पाण्याची पातळी यांवर बोट ठेवणारेही होते.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. मोठे सस्तन प्राणी संपल्यावर क्युलेक्स जातीचा एक डास कॉटन रॅट या उंदराचे रक्त जास्त पिऊ लागला, आणि माणसाला ताप आणणारा एव्हरग्लेड्स विषाणू याच उंदरात राहतो. अजगरांबरोबर आशियातून आलेला फुप्फुसातला एक परजीवी आता तिथल्या देशी सापांत शिरला आहे. पिग्मी रॅटलस्नेकसारखा हातभर साप त्यापुढे टिकत नाही.

आता अ‍ॅप. जॉर्जिया विद्यापीठाच्या आक्रमक प्रजाती केंद्राने ते तयार केले आहे. त्यात प्रजातींची चित्रे आहेत, नोंद करण्याचा फॉर्म आहे आणि ठिकाण फोनच्या जीपीएसवरून भरले जाते. आलेली नोंद जाणकार तपासतात आणि मगच ती नकाशावर चढते. ही तपासणी हीच या सेवेची खरी ताकद. पण तिथे तुमची नोंद टिकते की गळते, हे फोटोवर ठरते.

नुसते वेटोळे घातलेले अंग, तेही लांबून आणि अंधारात, असा फोटो असेल तर त्यावरून कोणीही खात्री देऊ शकत नाही. तीन फोटो हवेत. एक डोके वरून दिसेल असा: बर्मी अजगराच्या डोक्यावर गडद तपकिरी बाणाचे टोक असते, नाकाच्या बाजूला निमुळते आणि मानेकडे रुंद होत गेलेले. दुसरा अंगाच्या मधल्या भागाचा: फिकट पिवळसर अंगावर काळसर कडा असलेले तपकिरी डाग, जिराफाच्या कातडीसारखे एकमेकांत बसवल्यागत. तिसरा पूर्ण सापाचा, शेजारी बूट किंवा गाडीचे चाक दिसेल असा, म्हणजे लांबीचा अंदाज येतो. त्यासाठी जवळ जायची गरज नाही, झूम वापरा. रात्री टॉर्चचा झोत थेट अंगावर टाकला तर खवले चमकतात आणि नक्षी पुसली जाते. झोत बाजूने टाका.

आणखी एक अडचण वरचेवर येते. बांधावर नेटवर्क नसते, म्हणून माणूस फोटो काढतो आणि घरी जाऊन नोंद करतो. मग ठिकाण म्हणून घराचा पत्ता लागायची शक्यता असते. नोंद पाठवण्यापूर्वी नकाशावरची खूण सरकवून बरोबर जागी आणा, किंवा फोटो काढतानाच अक्षांश-रेखांश टिपून ठेवा. अजगर जिथे अजून माहीत नाही अशा भागातली नोंद दहा किलोमीटरने चुकली, तर शोधपथक भलत्याच कालव्यावर जाते.

ओळख पटवण्याचा भाग अ‍ॅपने चांगला केला आहे, आणि तो जपून वाचावा. लोक अजगर समजून मारतात ते बहुतेक ब्राउन वॉटरस्नेक, कॉर्न स्नेक, नाहीतर कॉटनमाउथ हा विषारी साप. वॉटरस्नेकच्या खवल्यांवर मधोमध उंच रेघ असते, म्हणून अंग खरखरीत आणि मळकट दिसते. अजगराचे खवले गुळगुळीत आणि तकतकीत असतात. कॉर्न स्नेकचे डाग लालसर-नारिंगी आणि पाठीवर ओळीने असतात. फुप्फुसातल्या परजीवीने देशी साप आधीच जेरीस आले आहेत. त्यात चुकीच्या ओळखीने मारले जाणारे साप हे टाळता येण्याजोगे नुकसान आहे. शंका असेल तर फोटो पाठवा आणि सापाला जाऊ द्या.

हेल्पलाइनबद्दल थोडक्यात. जिवंत साप समोर असेल तर अ‍ॅप भरत बसण्यापेक्षा फोन बरा. पण माणूस येईपर्यंत अजगर जागेवर थांबेल अशी आशा ठेवू नका. उंच गवतात शिरलेला अजगर दोन हातांवरूनही दिसत नाही. एव्हरग्लेड्समध्ये समोर असलेला अजगर नजरेस पडण्याची शक्यता 1 टक्क्याहून कमी धरतात. फोन करताना सर्वांत जवळचा मैलाचा दगड किंवा पुलाचा क्रमांक, साप कोणत्या दिशेला तोंड करून आहे आणि पाणी कोणत्या बाजूला आहे, एवढे सांगितले तरी शोधणाऱ्याचे काम निम्मे होते.

'पायथन पेट्रोल' हे प्रशिक्षण मुळात नेचर कन्झर्व्हन्सी या संस्थेने सुरू केले. नंतर ते राज्याच्या वन्यजीव आयोगाकडे आले. साप पकडायचाच असेल तर हे केल्याशिवाय हात घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पद्धत अशी: एकट्याने जायचे नाही. आडोशातला साप हुकने किंवा शेपटीला धरून मोकळ्या जागेत ओढायचा आणि अंतर ठेवून त्याला झेपा टाकू द्यायच्या. अजगराचा दम लवकर संपतो. तो थकला की डोके हुकने किंवा पिशवीने दाबून जबड्यामागे, अगदी डोक्याला लागून पकडायचे. पकड चार बोटे मागे झाली तर तो वळून चावतो. दात आतल्या बाजूला वळलेले असतात, म्हणून चावल्यावर हात हिसडला तर मांस फाटते. हाताला वेटोळे पडले तर जोडीदाराने शेपटीकडून उलगडत यायचे, डोक्याकडून नाही. शेवटी जाड कापडी पिशवी, तोंडाला घट्ट गाठ, वर टेप, आणि पिशवी कुलूपबंद पेटीत.

पिशवीनंतरचे कायदे या प्रशिक्षणात नीट समजून घ्या. परवाना नसताना जिवंत अजगर गाडीतून नेता येत नाही. पकडलेला अजगर दुसरीकडे सोडणे हाही गुन्हा. महाराष्ट्रात सर्पमित्राने पकडलेला साप जंगलात सोडणे हेच बरोबर, आणि आपला भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला मारणे हा गंभीर गुन्हा. फ्लोरिडात नियम नेमका उलटा आहे, कारण तिथे हा साप उपरा आहे. खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने आणि आयोगाने ठरवून दिलेल्या सरकारी जमिनींवर तो परवान्याशिवाय वर्षभर मारता येतो. राष्ट्रीय उद्यानात मात्र वेगळी अधिकृत परवानगी लागते.

मारण्याची रीतही ठरलेली आहे आणि ती सक्तीने पाळावी. नुसते डोके उडवणे हा क्रूरपणा आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांचा मेंदू प्राणवायू तुटल्यावरही बराच वेळ शुद्धीत राहतो. म्हणून दोन पायऱ्या. डोक्याच्या मागच्या डाव्या कोपऱ्यापासून उजव्या डोळ्यापर्यंत आणि उजव्या कोपऱ्यापासून डाव्या डोळ्यापर्यंत रेघा ओढल्या असे मानले, तर त्या जिथे छेदतात तिथे मेंदू असतो. तिथे कॅप्टिव्ह बोल्टने (गोळीऐवजी दांडा आदळणाऱ्या बंदुकीने) किंवा एअर गनने आघात करून त्याला तत्काळ बेशुद्ध करायचे आणि लगेच सळईने मेंदू पूर्ण नष्ट करायचा. साप उपरा आहे म्हणून त्याला वेदना कमी होतात असे नाही. प्रशिक्षणात हा भाग टाळलेला नाही, हे आम्हाला फार आवडले.

स्पर्धेबद्दल आमचे मत मिश्र आहे. नोंदणी शुल्क 25 डॉलर, अवधी दहा दिवस, सर्वांत मोठे बक्षीस 10,000 डॉलर. 2013 साली पहिल्या स्पर्धेत सुमारे 1,600 लोक उतरले आणि 68 अजगर निघाले. 2023 मध्ये 209, 2024 मध्ये 195, आणि 2025 मध्ये 934 स्पर्धकांनी 294 काढले. त्यातले 60 एकाच व्यक्तीने. नवख्यांच्या हाती फार लागत नाही, हे या आकड्यांतच दिसते. लोकांना ओळख पटवायला शिकवणारा जाहीर वर्ग म्हणून स्पर्धा चांगली आहे. अजगर कमी करण्याचे साधन म्हणून तिच्यावर विसंबू नये.

ते काम पगारी माणसे करतात. दक्षिण फ्लोरिडा जलव्यवस्थापन जिल्हा या पाण्याचे व्यवस्थापन पाहणाऱ्या सरकारी संस्थेने 2017 मध्ये कंत्राटी शिकारी नेमायला सुरुवात केली. तासांचा मोबदला, शिवाय पहिल्या 4 फुटांपर्यंत 50 डॉलर आणि पुढच्या दर फुटाला 25, म्हणजे दहा फुटी अजगराला 200 डॉलर. अंडी असलेल्या घरट्यालाही 200. लांबीवर दर ठेवण्यात शहाणपणा आहे, कारण मोठ्या अजगरांत बहुधा माद्याच असतात आणि एक मादी एका वेळी पन्नास-शंभर अंडी घालू शकते. त्याच वर्षी जानेवारीत तमिळनाडूतल्या इरुळा आदिवासी जमातीतले दोन साप पकडणारे फ्लोरिडा विद्यापीठाच्या मदतीला गेले आणि पहिल्या काही दिवसांतच त्यांनी 13 अजगर काढले. की लार्गो बेटावरच्या जुन्या क्षेपणास्त्र तळातली सोळा फुटी मादी त्यांतलीच. गवत कसे दबले आहे, माग कुठे जातो, हे वाचणारी नजर अ‍ॅपमधून मिळत नाही.

नेपल्सजवळच्या कन्झर्व्हन्सी ऑफ साउथवेस्ट फ्लोरिडा या संस्थेची पद्धत आम्हाला सर्वांत परिणामकारक वाटते. 2013 पासून ते नर अजगराच्या अंगात रेडिओ ट्रान्समीटर बसवून त्याला सोडतात, आणि विणीच्या हंगामात, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, तो त्यांना थेट मादीपाशी नेतो. डिसेंबर 2021 मध्ये अशीच सापडलेली मादी जवळजवळ 18 फूट लांब आणि 215 पौंड, म्हणजे सुमारे 98 किलो वजनाची होती. पोटात 122 अंडी तयार होत होती आणि आतड्यात पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या खुरांचे अवशेष निघाले. ही सेवा सामान्य माणसाला वापरता येत नाही, पण देणगी द्यायची असेल तर ती इथे सत्कारणी लागेल.

मारलेला अजगर खाण्याचा विचार कोणी करत असेल तर थांबावे. एव्हरग्लेड्समधल्या अजगरांच्या मांसात पारा फार जास्त आढळला आहे. कातडे मात्र वापरता येते.

घरात विदेशी साप किंवा कासव पाळले असेल आणि सांभाळणे जमत नसेल, तर वन्यजीव आयोगाची 'एक्झॉटिक पेट अ‍ॅम्नेस्टी' योजना आहे. प्राणी पैसे न घेता स्वीकारतात, परवाना नव्हता म्हणून दंड करत नाहीत आणि त्याला नवे पालक शोधून देतात. या लेखातली ही सर्वांत साधी सेवा, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना आवर्जून सांगण्याजोगी. तिला आम्ही पैकीच्या पैकी गुण देतो.