'अँड'च्या आधीचा स्वल्पविराम: नेहमी द्यावा की गरजेपुरता?

इंग्रजीत तीन किंवा अधिक गोष्टींची यादी लिहिताना शेवटच्या गोष्टीआधी 'अँड' किंवा 'ऑर' येतो. त्या शब्दाच्या अगोदर स्वल्पविराम द्यायचा की नाही, हा प्रश्न कार्यालयीन पत्रे, सूचना, अहवाल किंवा प्रबंध इंग्रजीत लिहिणाऱ्या मराठी माणसालाही केव्हातरी सोडवावा लागतो. दोन्ही पद्धतींच्या मागे मोठ्या संस्था उभ्या असल्यामुळे एकीला शुद्ध आणि दुसरीला अशुद्ध ठरवता येत नाही. आपण काय लिहितो आणि ते कोण वाचणार आहे, यावरूनच निवड करावी लागते.

या चिन्हाचे रूढ नाव 'ऑक्सफर्ड कॉमा'. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्याचे प्रमुख होरेस हार्ट यांनी खिळे जुळवणाऱ्यांसाठी १८९३ मध्ये एक नियमावली तयार केली आणि १९०४ पासून ती बाहेरच्या लोकांसाठीही विक्रीस आली. यादीत दोनांपेक्षा अधिक शब्द असतील तर शेवटच्या 'अँड'आधी स्वल्पविराम द्यावा, असा या छापखान्याचा दंडक झाला. अमेरिकेत १९०६ पासून निघणारे 'शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल' हे लेखनशैलीचे नियम सांगणारे पुस्तक याच मताचे आहे आणि संशोधनपर लेखनात चालणारी 'एपीए' शैलीही तोच नियम सांगते. उलट असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची शैलीपुस्तिका साध्या यादीत हे चिन्ह गाळायला सांगते आणि अर्थाचा घोटाळा होत असेल तरच ते द्यावे असे म्हणते. ब्रिटनमधील बहुतेक वृत्तपत्रे आणि भारतातील इंग्रजी दैनिकेही सामान्यतः याच वाटेने जातात. खुद्द ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या स्वतःच्या शैलीपुस्तिकेतही हे चिन्ह गरजेपुरतेच वापरण्याचा सल्ला आहे. यावरून २०११ मध्ये 'ऑक्सफर्डनेच ऑक्सफर्ड कॉमा सोडला' अशी बातमी पसरली होती, पण ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस या प्रकाशनसंस्थेने आपला नियम बदललेला नव्हता.

आता दोन्ही पद्धती प्रत्यक्ष वाक्यात कशा वागतात ते पाहू. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात कोणी 'आय थँक माय पेरेंट्स, द प्रिन्सिपल अँड द लायब्रेरियन' असे लिहिले, तर आईवडील हेच प्राचार्य आणि ग्रंथपाल आहेत, असाही अर्थ निघू शकतो. 'प्रिन्सिपल'नंतर स्वल्पविराम दिला की तीन वेगळे घटक स्पष्ट दिसतात आणि शंका उरत नाही. नेहमी स्वल्पविराम देणाऱ्यांचा हा आवडता दाखला आहे, पण तो अर्धाच सांगितला जातो. 'पेरेंट्स'च्या जागी 'मदर' लिहून पाहा. 'माय मदर, द प्रिन्सिपल, अँड द लायब्रेरियन' या रचनेत तोच स्वल्पविराम नवा घोटाळा निर्माण करतो, कारण आता 'द प्रिन्सिपल' हे आईचेच वर्णन वाटू लागते. याचे मूळ असे, की इंग्रजीत नामामागोमाग येणारे स्पष्टीकरण आणि यादीतला पुढचा घटक या दोन्हींना एकच चिन्ह वेगळे काढते. घटकांचा क्रम बदलून आईला शेवटी नेले, तर दोन्ही पद्धतींत वाक्य निर्दोष होते.

मराठी वाचकाला हा घोटाळा चटकन जाणवत नाही, याला कारण आपली वाक्यरचना आहे. 'माझे आईवडील, प्राचार्य व ग्रंथपाल यांचे आभार' असे म्हटले की शेवटचे 'यांचे' सगळी यादी एकत्र बांधते, आणि आईच प्राचार्य असेल तर आपण सहसा 'प्राचार्य असलेली माझी आई' असे वर्णन आधी ठेवतो. मराठीत आजची विरामचिन्हे एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरूनच आली आणि ती रुजवण्यात मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा होता. तरी यादीत 'व' किंवा 'आणि'च्या आधी स्वल्पविराम देण्याची रीत आपल्याकडे रूढ झाली नाही, कारण तिची गरजच पडली नाही. 'आंबे, फणस, काजू आणि करवंदे' ही यादी जशी आहे तशी पूर्ण वाटते. त्यामुळे इंग्रजी लिहितानाही आपला हात 'अँड'पाशी स्वल्पविरामाविना पुढे जातो. ही सवय वाईट नव्हे, पण मराठीत वाचकाला सांभाळून घेणारी प्रत्ययांची सोय इंग्रजीत नाही, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे.

चिन्ह नसल्याची किंमत किती मोठी असू शकते, हे अमेरिकेच्या मेन राज्यातील ओकहर्स्ट डेअरी या दुग्धव्यवसायातील कंपनीवर तिच्या गाड्यांच्या चालकांनी भरलेल्या खटल्याने दाखवले. जादा कामाच्या वाढीव मोबदल्यातून कोणती कामे वगळायची, त्यांची यादी तिथल्या कायद्यात होती: डबाबंद करणे, प्रक्रिया करणे, टिकवणे, गोठवणे, सुकवणे, विक्रीव्यवस्था, साठवण, आणि शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन'. 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नव्हता. वितरण हे वगळलेले स्वतंत्र काम आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. चालकांच्या मते वगळलेले काम केवळ बांधणीचे होते, मग ती बांधणी पाठवणीसाठी असो वा वितरणासाठी. चालक माल पोहोचवत, बांधत नसत, म्हणून वाढीव मोबदला त्यांना मिळायला हवा होता. बाकीची कामे 'इंग'ने संपणारी असताना 'डिस्ट्रिब्यूशन' मात्र 'शिपमेंट'सारखेच नाम आहे, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. कंपनीची बाजूही पोकळ नव्हती. मेनच्या कायदेलेखन पुस्तिकेतच यादीत असा स्वल्पविराम देऊ नये असे सांगितले होते. शिवाय चालकांचा अर्थ घेतला तर यादीच्या शेवटच्या घटकाआधी जोडणारा शब्दच उरत नव्हता. मार्च २०१७ मध्ये संघीय अपील न्यायालयाने मजकूर संदिग्ध ठरवला आणि वेतनविषयक कायद्यांचा अर्थ कामगारांच्या हिताने लावण्याच्या त्या राज्यातील तत्त्वानुसार निकाल चालकांच्या बाजूने दिला. पुढल्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. निकालानंतर कायदा दुरुस्त करताना विधिमंडळाने घटकांमध्ये अर्धविराम घातले आणि 'डिस्ट्रिब्यूशन'चे 'डिस्ट्रिब्युटिंग' केले. मला या दुरुस्तीचे मोल निकालाइतकेच वाटते, कारण तिथे एका चिन्हावर भिस्त न ठेवता शब्दाचे रूपही बदलले गेले.

गरजेपुरता स्वल्पविराम देणाऱ्या पद्धतीचे गुण खरे आहेत. वृत्तपत्राच्या अरुंद रकान्यात प्रत्येक चिन्हाला जागा लागते, छोट्या यादीत वाक्य अडखळत नाही, आणि 'ब्रेड, एग्ज अँड टी' या शब्दांचा भलता अर्थ कोणी लावणार नाही. ब्रिटनने युरोपीय संघ सोडताना जानेवारी २०२० मध्ये काढलेल्या ५० पेन्सच्या नाण्यावर 'पीस, प्रॉस्पेरिटी अँड फ्रेंडशिप विथ ऑल नेशन्स' असे स्वल्पविरामाविना कोरले होते. त्यावर काही लेखक-संपादकांनी जाहीर नापसंती दाखवली, तरी अर्थ कोणाला चुकला नव्हता.

माझी अडचण 'गरजेपुरता' या शब्दापाशी आहे. गरज आहे की नाही हे लिहिणाराच ठरवतो, पण त्याला स्वतःला काय म्हणायचे आहे ते आधीच ठाऊक असल्यामुळे दुसरा अर्थ दिसण्याची शक्यता सर्वांत कमी त्यालाच असते. समजा, गृहनिर्माण संस्थेच्या सूचनेत 'रिपेअर फंड, सिंकिंग फंड, पार्किंग अँड सिक्युरिटी चार्जेस' आणि पुढे 'फाइव्ह हंड्रेड रुपीज ईच' असे लिहिले आहे. सचिवांच्या मनात चार रकमा, म्हणजे २,००० रुपये आहेत. सभासद 'पार्किंग अँड सिक्युरिटी' ही एकच बाब समजून १,५०० रुपये भरतो. सचिवांना तिथे स्वल्पविरामाची गरज वाटलीच नसेल, कारण त्यांच्यापुढे हिशेबाची वही उघडी होती. नेहमी स्वल्पविराम देण्याची सवय असेल तर हा निर्णय दरवेळी घ्यावा लागत नाही, आणि चिन्ह नसले तर ते मुद्दामच गाळले आहे, असे वाचकही धरून चालू शकतो.

म्हणून करार, सूचना, नियमावली, प्रबंध आणि वाचक ज्याबद्दल उलट विचारू शकत नाही असे कोणतेही इंग्रजी लेखन करणाऱ्याने नेहमी स्वल्पविराम देण्याची पद्धत निवडावी, असे माझे मत आहे. वृत्तपत्रासाठी लिहिणाऱ्याने त्या वृत्तपत्राची रीत पाळावी, कारण तिथे मजकूर तपासायला दुसरा डोळा असतो. प्रबंध पाठवणाऱ्याने आधी विद्यापीठाने कोणती शैली नेमून दिली आहे ते पाहावे. वर्डसारख्या लेखनप्रणालीत या चिन्हाची तपासणी सुरू किंवा बंद ठेवता येते. आपण निवडलेली पद्धत तिथे नोंदवली की एकाच दस्तऐवजात दोन रीती मिसळत नाहीत. अशी मिसळ झाली तर वाचक प्रत्येक गाळलेल्या स्वल्पविरामात अर्थ शोधू लागतो.

एका घटकातच स्वल्पविराम येत असेल, उदाहरणार्थ गावापुढे जिल्ह्याचे नाव, तर कोणतीही पद्धत पुरत नाही आणि घटकांमध्ये अर्धविराम घालावा लागतो. रकमांच्या बाबतीत मात्र याहून साधा उपाय आहे: वरच्या सूचनेतील चार बाबी चार ओळींत लिहाव्यात आणि प्रत्येकीपुढे ५०० रुपये मांडून खाली बेरीज द्यावी, म्हणजे 'अँड' हा शब्दच लागत नाही.