कॅसेट, सीडी की डाउनलोड?
परभणीच्या आमच्या घरात भजनांच्या कॅसेटी अजून जपून ठेवल्यात. ६० मिनिटांची कॅसेट, एका बाजूला ३०. फीत गुंतली की पेन्सिल घालून हळूहळू गुंडाळायची. आतल्या कागदावर तबलजीचं, पेटीवाल्याचंही नाव असायचं. डाउनलोडमध्ये ते बहुतेक वेळा दिसतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

डाउनलोड स्वस्त पडतं, कारण डबी, छपाई, वाहतूक, दुकानदाराचं कमिशन काहीच नाही. २००३ साली ॲपलच्या आयट्यून्स या ऑनलाइन दुकानानं अमेरिकेत सुटं गाणं ९९ सेंटला विकायला काढलं, आणि एका गाण्यापायी अख्खा अल्बम घ्यायची गरज उरली नाही.

आवाजात मात्र एमपी-थ्रीपेक्षा, म्हणजे डाउनलोडच्या दाबून लहान केलेल्या फाइलपेक्षा, सीडी सरस: सीडीत आवाजाची माहिती मिनिटाला सुमारे १० एमबी, तर ३२० केबीपीएसच्या (सेकंदाला ३२० किलोबिट) एमपी-थ्रीत अडीचच्या आत. एखादंच गाणं हवं असेल तर डाउनलोड ठीक. भारुड, गोंधळ पूर्ण ऐकायचा असेल तर मी सीडीच घेतो. ती भाच्याला देताही येते.