पामलिको साउंडवर बदकांची शिकार: गाईडला पाच स्टार, ऑफिसला दोन

रालेकडच्या तीन-चार जणांनी विचारलं होतं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. जानेवारीत आम्ही मित्र मित्र ओक्राकोक बेटाच्या बाजूला पामलिको साउंडवर (नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरची उथळ खाडी) गाईड घेऊन बदकं मारायला गेलो होतो. सर्व्हिसचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण तक्रार ऑफिसबद्दल आहे आणि गाईड बिचारा त्याच छोट्या गावात राहतो.

आधी गाईड, कारण पैसे वसूल झाले ते त्याच्यामुळं. पामलिको म्हणजे अवाढव्य प्रकरण, 80 मैल लांब, आणि खोली बघायला जाल तर सरासरी जेमतेम 5-6 फूट. त्यामुळं वारा सुटला की लाटा आखूड आणि उभ्या येतात, लहान बोटीत पाणी भरायला वेळ लागत नाही. भरतीचं टाइमटेबल बघून प्लॅन करणाऱ्यांनी ते विसरा, इनलेटजवळचा (समुद्राचं पाणी आत येतं ती वाट) भाग सोडला तर इथं पाणी चढतं-उतरतं ते वाऱ्यानं, नैऋत्येचा वारा सलग वाहिला की पाणी ईशान्येकडं सरकतं आणि काल बोट जिथं सहज गेली तिथं आज तळ लागतो. हे सगळं त्या माणसाच्या डोक्यात पाठ. ठरलेल्या सकाळच्या आदल्या रात्रीच त्याचा मेसेज आला, उद्या नाही, परवा बघू. आमच्यातला एकजण जाम वैतागला, लीव्ह टाकून आलोय वगैरे. पण सकाळी धक्क्यावर नुसते उभे राहिलो तरी टोपी डोक्यावर टिकेना, मग गप्प बसला. उलट वारा अगदीच पडला तरी वांधा, बदकं मधल्या उघड्या पाण्यात थवा करून निवांत बसून राहतात. म्हणजे वारा पाहिजे पण बेतानं पाहिजे, आणि तो बेत ओळखायचेच आपण पैसे देतो असं माझं मत झालंय.

आणि ब्लाइंड, म्हणजे शिकाऱ्यानं लपून बसायची जागा! मी तळ्यावर एक-दोनदा गेलोय, तिथं गवतात लपून बसायचं असतं, इथला प्रकार वेगळाच. ओक्राकोककडं कर्टन ब्लाइंड म्हणतात. उथळ वाळूत पक्की रोवलेली पेटी, वरून उघडी, आणि तिच्या काठाला कॅनव्हासचा पडदा, पाणी चढलं की पडदा वर घ्यायचा, उतरलं की खाली. आपण आत बसलो की डोळे जवळपास पाण्याच्या लेव्हलला येतात, वीतभर अंतरावर लाट पडद्यावर आपटत असते आणि आत पाय बऱ्यापैकी कोरडे (बऱ्यापैकी म्हणतोय, वेडर्स, म्हणजे पाण्यात उतरायचे उंच बूट, लागतातच). तरंगणारे सिंकबॉक्स (शिकाऱ्याला पाण्याच्या लेव्हलखाली लपवणाऱ्या पेट्या) अमेरिकेत 1935 पासून बंद आहेत, हा जमिनीत रोवलेला म्हणून चालतो.

उजाडायच्या आधी गाईडनं लांबलचक दोरीला बांधलेले डिकॉय, म्हणजे खोटी बदकं, सोडले आणि मध्ये मोकळी जागा ठेवली, बदकांना उतरायला. रेडहेड (ही बदकाची एक जात) आले ते पाण्याला चिकटून, वरून गिरक्या वगैरे काही नाही, सरळ अंगावर, आणि पंखांचा आवाज ऐकू येईपर्यंत ते डोक्यावरून पार झालेले असतात. दिवसाला माणशी सहा बदकं चालतात पण त्यात रेडहेड दोनच, त्यामुळं कुठलं बदक आहे ते ओळखल्याशिवाय चाप ओढायचा नाही. गाईड "थांब" म्हणाला की थांबायचं, तो उगाच म्हणत नाही. त्याची लॅब्रॅडॉर कुत्री आमच्यापेक्षा जास्त शिस्तीत होती.

आता ऑफिस. फोनवर गोड बोलून डिपॉझिट घेतलं, हवामानामुळं कॅन्सल झालं तर काय ते विचारलं तर "वुई विल वर्क विथ यू". प्रत्यक्षात गाईडनं स्वतः रद्द केलेल्या दिवसाचेसुद्धा पैसे मागितले, ईमेलवर ईमेल करून शेवटी अर्धे सोडले. शिवाय लॉजमधला हीटर रात्रभर खडखडत होता, ते जाऊ दे. पण तुम्ही बुक कराल तेव्हा एकच गोष्ट लेखी घ्या: वाऱ्यामुळं रद्द झालं तर तारीख बदलून मिळणार की पैसे परत. आणि एक जादा दिवस हातात ठेवाच. ओक्राकोकला पूल नाही, फेरीनंच जावं लागतं, स्वान क्वार्टरहून अडीच तासांच्या वर, आणि वारा वाढला की फेरीपण बंद. तो दिवस रविवार धरू नका, आम्ही गेलो त्या सीझनला नॉर्थ कॅरोलायनात रविवारी बदकांची शिकार बंदच होती.

कागदपत्रं गाईड काढून देत नाही, आपली आपण. स्टेट लायसन्स, त्यावर वॉटरफाउलचं (बदकांसारख्या पाणपक्ष्यांचं) वेगळं, एचआयपीचं (स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकाऱ्यांची नोंदणी) रजिस्ट्रेशन, आणि 25 डॉलरचा फेडरल डक स्टँप, म्हणजे केंद्र सरकारचं शिकारीचं तिकीट. शिशाचे छर्रे 1991 पासून बदकांसाठी चालत नाहीत, स्टील वगैरे घ्या, आणि बंदुकीत तीनच काडतुसं बसतील असा प्लग हवा. एच-1बी वाल्यांनी नीट ऐका, साधारणपणे त्या व्हिसावर बंदूक हातात धरता येत नाही, चालू हंटिंग लायसन्स असेल तर सूट आहे, म्हणजे लायसन्स आधी, बंदुकीला हात नंतर. शंका असेल तर वकिलाला विचारा, माझ्या रिव्ह्यूवर जाऊ नका. (भारतात तर वन्यजीव संरक्षण कायद्यामुळं हा विषयच संपला, त्यामुळं फोटो फॅमिली ग्रुपवर टाकताना जरा विचार करा, मी अजून काकूंना उत्तरं देतोय.)

घरी नेताना बदक पूर्ण सोलायचं नाही, डोकं किंवा एक पंख पिसांसकट ठेवावाच लागतो, वाटेत वॉर्डननं तपासलं तर कुठलं बदक ते कळायला हवं. रेडहेड पाणगवत खातं म्हणून वास मारत नाही, आम्ही सुकं खोबरं भाजून वाटण लावून रस्सा केला, मस्त झाला. बफलहेड नावाचं दुसरं बदक पण आणलं होतं, ते एवढ्या वाटणानंसुद्धा सुधारलं नाही.

पुढच्या जानेवारीत परत जायचंय. त्याच गाईडकडं, पण आता थेट त्यालाच फोन करणार.