‘फोर्स ऑन फोर्स’, १/७२ चे सैनिक आणि पावसाळ्यातले मॅट वार्निश : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आधुनिक काळातील चकमकींचे युद्धखेळ टेबलावर खेळणाऱ्या आणि त्यासाठीचे छोटे सैनिक (प्रतिकृती) स्वतः रंगवणाऱ्या वाचकांसाठी हा अनुभव लिहीत आहे. नियमावली ‘फोर्स ऑन फोर्स’ आहे, अँबुश अ‍ॅली गेम्सने रचलेली आणि ऑस्प्रेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेली. सैनिक १/७२ प्रमाणातील, म्हणजे खऱ्या माणसाच्या बहात्तराव्या भागाएवढे, थोडे धातूचे आणि बरेचसे मऊ प्लास्टिकचे आहेत. रंग नेहमीचे अ‍ॅक्रिलिक. लिहायला बसण्याचे तातडीचे कारण मात्र नियमावली नाही. जुलैमध्ये पुण्यात पावसाची झड लागलेली असताना रंगवून पूर्ण झालेल्या एका संपूर्ण पथकावर मॅट वार्निशचा, म्हणजे रंगाचे रक्षण करणाऱ्या बिनचकाकीच्या लेपाचा, स्प्रे मारला आणि तो वाळताच सगळ्या सैनिकांवर पांढरट थर चढला. गणवेशाच्या घड्या, चेहऱ्यावरच्या सावल्या, बंदुकीच्या दस्त्यावरचा तपकिरी रंग, यांपैकी काहीही धड दिसेना. कॅनवर आर्द्रतेविषयी एका शब्दाचीही सूचना नव्हती. विक्रेत्याने छायाचित्रे मागवली, ती पाहिली आणि ‘वापरलेला माल परत घेतला जात नाही’ एवढे कळवून विषय बंद केला. जवळजवळ दोन महिन्यांच्या संध्याकाळी त्या पथकाच्या रंगकामात गेल्या होत्या, त्यामुळे हे उत्तर मला अजूनही मान्य नाही. वापरलेला स्प्रे परत घेणे व्यवहार्य नसेल, हे समजू शकते. परंतु पुढच्या ग्राहकाला सावध करण्यासाठी विक्रीच्या पानावर एक ओळ टाकण्याची विनंतीही दुर्लक्षित राहावी, हे पटत नाही.

वार्निशासारख्या गोष्टीवर एवढे का लिहायचे, असे काहींना वाटेल. त्याचे उत्तर या खेळाच्या स्वरूपातच आहे. सहा फूट बाय चार फुटांचे टेबल १/७२ प्रमाणात साधारण १३२ मीटर लांब आणि ८८ मीटर रुंद होते. कलाश्निकोव्ह बनावटीच्या रायफलीचा परिणामकारक पल्ला तीनशे ते चारशे मीटर धरतात. म्हणजे टेबलाच्या एका टोकाचा सैनिक दुसऱ्या टोकाच्या सैनिकाला सहज टिपू शकतो, आणि पल्ला हा घटक खेळातून जवळजवळ बाहेर पडतो. नेपोलियनच्या काळातील लढाया खेळणारा मनुष्य बंदुकीच्या पल्ल्याबाहेर फौज उभी करून विचार करू शकतो. इथे तशी सुरक्षित जागा नाही. कोण कोणाला दिसतो, कोणाच्या पुढ्यात भिंत आहे, आणि समोरच्या खिडकीतल्या चार जणांपैकी मशीनगन कोणाच्या हातात आहे, एवढ्यावर सगळे ठरते. सुमारे चोवीस मिलिमीटर उंचीच्या सैनिकाच्या हातातील रायफल आणि हलकी मशीनगन यांच्यात फरक असतो तो काही मिलिमीटरचा. चकाकणारे वार्निश असेल तर दिव्याचा उजेड नेमका त्या भागावर परावर्तित होतो. पांढरा थर चढला असेल तर सगळीच शस्त्रे राखाडी काड्या होतात. दोन्ही प्रसंगी खेळाडूला दर वेळी उठून, वाकून, सैनिक हातात घेऊन पाहावे लागते, आणि हातात घेतलेल्या प्रत्येक सैनिकाचा थोडा थोडा रंग झिजतो. म्हणून मॅट वार्निश मला या खेळाच्या साधनांमध्ये फाशांइतकेच महत्त्वाचे वाटते.

आता नियमांकडे येतो. सुरुवातीच्या काही डावांत ‘फोर्स ऑन फोर्स’बद्दल माझे मत फारसे चांगले नव्हते. सैनिकांच्या प्रशिक्षणानुसार सहा, आठ, दहा किंवा बारा बाजूंचा फासा मिळतो आणि कोणत्याही फाशावर चार किंवा अधिक पडले की यश, हे सूत्र मला वरवर फार सोपे वाटले होते. हळूहळू त्यातील बारकावा लक्षात आला. सहा बाजूंच्या फाशावर यशाची शक्यता निम्मी असते, आठवर ती साडेबासष्ट टक्के होते, दहावर सत्तर आणि बारावर पंचाहत्तर. हा फरक डोळे दिपवणारा नाही. खरा फरक बचावाच्या वेळी दिसतो, कारण हल्लेखोराच्या प्रत्येक यशस्वी फाशाला बचाव करणाऱ्याने तेवढ्याच किंवा त्याहून मोठ्या आकड्याने अडवावे लागते. प्रशिक्षित सैनिकाच्या आठ बाजूंच्या फाशावर सात किंवा आठ पडले, तर अप्रशिक्षित बंडखोरांचा सहा बाजूंचा फासा त्याला कधीही अडवू शकत नाही. बंडखोरांकडे माणसे कितीही असली, तरी ही भिंत त्यांना ओलांडता येत नाही. लोखंडी चिलखत, वाहने, विमाने यांचे वेगळे नियम न वाचताही नियमित सैन्य आणि स्थानिक टोळी यांच्यातील अंतर एका फाशात मांडलेले आहे, आणि हे मला या नियमावलीचे सर्वांत मोठे बुद्धिकौशल्य वाटते.

तरीही खेळाचा प्राण प्रतिक्रियेत आहे. पुढाकार असलेला, म्हणजे त्या फेरीत आधी हालचाल करण्याचा हक्क असलेला, गट हलला किंवा गोळीबार करू लागला की समोरचा गट लगेच प्रतिक्रिया देऊ शकतो. दोघांचे फासे पडतात आणि ज्याचा आकडा मोठा, तो आधी गोळी झाडतो. आपली पाळी येईपर्यंत स्वस्थ बसण्याची सवय असलेल्या खेळाडूला हे पहिल्यांदा अस्वस्थ करते. ठाण्याहून येणारे माझे एक स्नेही बुद्धिबळाचे चांगले खेळाडू आहेत. ते सुरुवातीला दर डावात ‘अहो, पण आता माझी पाळी आहे ना?’ असे विचारत. आता तेच गल्लीच्या तोंडाशी एक गट रोखून बसवतात आणि माझी वाट पाहतात. त्याच फेरीत पुन्हा पुन्हा प्रतिक्रिया देणाऱ्या गटाच्या माऱ्याचा एकेक फासा कमी होत जातो, त्यामुळे एका गटाने समोरच्याला गुंतवून ठेवायचे आणि दुसऱ्याने बाजूने जायचे, हे प्रत्यक्ष पायदळात शिकवले जाणारे तत्त्व टेबलावर आपोआप उतरते. कोणी समजावून सांगण्याची गरज राहत नाही.

‘फॉग ऑफ वॉर’च्या, म्हणजे युद्धातला गोंधळ डावात आणणाऱ्या, पत्त्यांविषयी मात्र माझे मत पूर्ण बदलले आहे. प्रतिक्रियेच्या फाशावर एक पडला की एक पत्ता उचलायचा, आणि त्यातून कधी वाटेत नागरिक येतात, कधी दारूगोळा संपतो, कधी अनपेक्षित कुमक येते. सुनियोजित डाव एका पत्त्यामुळे विस्कटतो, याचा पहिल्या काही महिन्यांत मला मनस्वी राग येत असे, आणि दोन-तीन डावांत आम्ही ते पत्ते बाजूलाही ठेवले. ते डाव जास्त नीटनेटके झाले, पण त्यांतले एकही आज आठवत नाही. शिवाय बारा बाजूंच्या फाशावर एक पडण्याची शक्यता सहाच्या फाशापेक्षा निम्मी असते, म्हणजे चांगले सैन्य गोंधळात कमी सापडते. हे लक्षात आल्यावर पत्ते पुन्हा टेबलावर आले.

इथपर्यंतचा मजकूर लिहून मी तो बाजूला ठेवला होता, आणि मधल्या काळात वार्निशाच्या प्रकरणाला वेगळे वळण लागले. तो पांढरा थर कायमचा नसतो. स्प्रेमधील द्रावक झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग थंड करतो आणि हवेतील बाष्प वाळत असलेल्या थरात अडकते. ते सूक्ष्म विवरांच्या रूपात प्रकाश विखुरते, म्हणून रंग पांढरट दिसतो. खालचा रंग जसाच्या तसा असतो. या पांढऱ्या थरावर ब्रशने पाण्यात मिसळणाऱ्या ग्लॉस (चकाकणाऱ्या) वार्निशचा एक पातळ हात दिला, तर ते विवरांत शिरते आणि खालचे सगळे रंग पुन्हा दिसू लागतात. मी आधी एकाच सैनिकावर, तोही मागच्या रांगेत उभा राहणारा, हा प्रयोग केला. दहा मिनिटांत त्याच्या छातीवरच्या दारूगोळ्याच्या पिशव्या, गुडघ्यावरचे पॅड, डोळ्यांखालची सावली, सगळे परत आले तेव्हा झालेला आनंद मी शब्दांत नीट मांडू शकत नाही. पूर्ण पथक तसेच वाचले. ग्लॉस पूर्ण वाळल्यानंतर त्यावर ब्रशनेच मॅट वार्निश दिले; बाटली मात्र पुष्कळ हलवावी लागते, कारण चकाकी मारणारी बारीक पूड तळाशी बसते आणि ती मिसळली नाही तर मॅटच्या नावाखाली अर्धवट चकाकीच हाती येते. हात देतानाही खोलगट जागी वार्निश साचू देऊ नये. बगलेत आणि कॉलरमध्ये साचलेले वार्निश दुधाळ होते आणि ते काढणे कठीण जाते.

विक्रेत्याविषयीची तक्रार यामुळे मागे घेत नाही. पण स्प्रे वार्निश निरुपयोगी आहे, असे मी काही जणांना सांगितले होते, ते विधान आता असे वाचावे : जून ते सप्टेंबर या काळात कोकणात, मुंबईत किंवा पुण्यात, जेव्हा हवेतील सापेक्ष आर्द्रता सहज ऐंशी टक्क्यांच्या वर असते, तेव्हा स्प्रे वापरू नये, ब्रश वापरावा. डिसेंबरच्या कोरड्या दुपारी तोच कॅन, तोच मी आणि तशाच सैनिकांचा दुसरा गट, एवढ्याच भांडवलावर निकाल निर्दोष आला होता. प्रायमरच्या, म्हणजे रंगाआधी द्यायच्या पहिल्या थराच्या, स्प्रेलाही हीच दक्षता लागते, फक्त तिथे बिघाड पांढरेपणाऐवजी खरखरीतपणाच्या रूपात दिसतो.

मऊ प्लास्टिकच्या सैनिकांवर रंग टिकत नाही, ही जुनी तक्रार अर्धी खरी आहे. साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट अंश साबणाच्या कोमट पाण्याने धुतला नाही, तर रंग पापुद्र्यासारखा सुटतो. धुऊन, प्रायमर देऊन रंगवलेले सीझर कंपनीचे सैनिक महिनोन्‌महिने हाताळूनही चांगले राहिले, कारण त्यांचे प्लास्टिक तुलनेने कडक आहे. वाकणाऱ्या बंदुकीच्या नळीवर मात्र कोणताही रंग फार काळ टिकत नाही. तिथे दर दोन महिन्यांनी काळा रंग टेकवावा लागतो. धातूच्या सैनिकाची नळी उलट वाकली की तशीच राहते आणि दोन-तीनदा सरळ केली की तुटते. बेससाठी, म्हणजे सैनिकाच्या पायाखालच्या चकतीसाठी, रविवार पेठेतील हार्डवेअरच्या दुकानातून वजनावर घेतलेले लोखंडी वायसर (वॉशर) वापरतो. सैनिक जड होऊन थर्माकोलच्या उतारावरही उभा राहतो, डब्यात चुंबकाचा पातळ पत्रा टाकला की प्रवासात हलत नाही, आणि बोटे बेसला धरण्याची सवय लागल्यामुळे अंगावरचा रंग वाचतो. परदेशी बनावटीच्या तयार बेसवर टपालखर्च आणि सीमाशुल्क भरण्याचे कोणतेही कारण मला दिसत नाही.

खर्चाचा प्रश्न निघालाच आहे, तर तो स्पष्टच मांडतो. २८ मिलिमीटरचे धातूचे सैनिक निःसंशय अधिक देखणे असतात. चेहरा रंगवण्याचा आनंद त्यांच्यातच. परंतु त्या प्रमाणात तेच टेबल जेमतेम शंभर मीटर लांब होते, घरे मोठी करावी लागतात, वाहने महाग पडतात. १/७२ मध्ये प्लास्टिक मॉडेल बनवणाऱ्या कंपन्यांची वाहने आणि हेलिकॉप्टर सहज मिळतात, कारण विमानांच्या प्रतिकृती बनवणाऱ्यांचे तेच लाडके प्रमाण आहे. दोन्ही वापरून पाहिल्यावर माझा कौल १/७२ च्या बाजूने आहे, आणि यात काटकसरीचा वाटा मोठा आहे, हे मी लपवत नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र मन पूर्ण स्वस्थ नाही. आम्ही सर्वाधिक खेळलो ते ३ ऑक्टोबर १९९३ रोजी सोमालियातील मोगादिशूत झालेल्या चकमकीवर आधारित प्रसंग. या नियमावलीला त्या विषयावरचे स्वतंत्र पूरक पुस्तकही आहे. दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर पाडली गेली, अठरा अमेरिकी सैनिक मारले गेले, सोमाली बाजूचे शेकडो लोक गेले, आणि अडकलेल्यांना बाहेर काढायला पाकिस्तानी व मलेशियन तुकड्यांची चिलखती वाहने गेली. प्रसंग म्हणून तो अत्यंत समृद्ध आहे : कमी पण सरस सैनिक, सर्व दिशांनी येणारी गर्दी, पडलेल्या माणसाला सोडून न जाण्याचे बंधन. जखमींची तपासणी करण्याचा नियम इथे फार परिणाम करतो, कारण जखमी सैनिकाला उचलायला माणसे थांबली की गट मंदावतो आणि वेढा आवळतो. पण त्या लढाईतली माणसे, त्यांची मुले आज हयात आहेत. १९९९ च्या कारगिल युद्धातले तोलोलिंग किंवा टायगर हिल टेबलावर मांडण्याचा प्रस्ताव आला तेव्हा मी नकार दिला. साताऱ्याजवळच्या अपशिंगेसारखी सैनिकांची गावे ज्या महाराष्ट्रात आहेत, तिथे कोणाच्या घरातला मुलगा कोणत्या उतारावर होता, याचा विचार न करता फासे टाकणे मला जमणार नाही. मग मोगादिशूला वेगळा न्याय का, हा प्रश्न माझ्या भाच्याने विचारला आणि तो रास्त आहे. त्यानंतर आम्ही नकाशा, संख्या आणि उद्दिष्टे तशीच ठेवून शहराचे आणि दोन्ही बाजूंचे नाव काढून टाकले. खेळात काहीही कमी झाले नाही. गणवेश मात्र अभ्यास करूनच रंगवतो, कारण त्यातले कष्ट मला आदराचेच एक रूप वाटतात.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने एकदम चाळीस सैनिक रंगवायला घेऊ नयेत. चार-चार जणांचे दोन नियमित गट आणि सहा-सहा जणांच्या तीन टोळ्या पुरेशा आहेत. तेवढ्यांत प्रतिक्रियेचा नियम पूर्ण कळतो आणि टेबलाचा चार फूट बाय चार फुटांचा भागही चालतो. प्रत्येक गटाच्या बेसच्या कडेला वेगळ्या रंगाची बारीक रेघ द्यावी. मशीनगनवाल्याच्या बेसवर मी एक लहानसा दगड चिकटवतो, म्हणजे बसल्या जागेवरून तो ओळखू येतो आणि कोणालाही सैनिक उचलावा लागत नाही. उरलेल्या दोन टोळ्यांचे रंगकाम चालू आहे. त्यांच्यावर वार्निशचा हात ब्रशनेच देणार आहे, आणि स्प्रेचा कॅन नोव्हेंबर उजाडेपर्यंत कपाटात राहील.