ताम्पेरेचा सौना : नागपूरच्या उन्हाचा अनुभव इथे कामाला येत नाही

फिनलंडमधलं ताम्पेरे दोन तळ्यांच्या मध्ये वसलंय. उत्तरेला नॅसियार्वी, दक्षिणेला प्युहायार्वी. दोन्हींच्या पातळीत 18 मीटरचा फरक, आणि त्या उतारावरून गावाच्या मधोमध तामेरकोस्की हा खळाळता प्रवाह धावतो. त्या पाण्याच्या जोरावर इथल्या कापडगिरण्या चालल्या. फिनलेसन गिरणीच्या लाल विटांच्या इमारती अजून उभ्या आहेत, आत हॉटेलं, सिनेमा, संग्रहालय. नागपुरात एम्प्रेस मिलच्या जागी मॉल पाहिलेल्यांना जरा हेवा वाटेल.

पण इथवर जायचं ते सार्वजनिक सौनासाठी, म्हणजे तापल्या दगडांच्या लाकडी खोलीत बसून घाम काढायला. पिस्पाला भागातला रायापोर्त्ती 1906 चा, देशातला सर्वांत जुना चालू सार्वजनिक सौना. बायका-पुरुष वेगळे, अंगावर कपडे नाहीत आणि दाराशी तळंही नाही. नॅसियार्वीच्या काठचा राउहानिएमी 1929 चा. तिथे सगळे एकत्र बसतात, पोहण्याचे कपडे सक्तीचे, आणि दार उघडलं की समोर पाणी. पहिल्यांदा जाणाऱ्याने राउहानिएमीच निवडावा. संकोच कमी, मजा जास्त.

नागपूरकर चुकतो तो आत शिरल्यावर. मेमधले 46 अंश काढले, तर हे काय, म्हणून थेट वरच्या फळीवर चढून बसतो. मग कुणीतरी तापल्या दगडांवर डावभर पाणी टाकतं आणि कान भाजायला लागतात. कारण साधं आहे. कूलरमध्ये पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता जाते. सौनात वाफ त्वचेवर येऊन पुन्हा पाणी होते आणि तीच उष्णता अंगात सोडते. शिवाय दमट हवेत घाम वाळत नाही, जुलैत कूलर जसा नुसता चिकचिक करतो तसं. या वाफेलाच फिनिश लोक ल्योल्यू म्हणतात, आणि ती सगळ्यात जास्त छताजवळ जमते.

म्हणून आधी साबणाने आंघोळ, मग खालची फळी. बुडाखाली छोटा टॉवेल घ्यावा, लाकूड तापलेलं असतं. मंगळसूत्र, कानातले, अंगठ्या बाहेरच काढाव्यात, धातू चटका देतो. आठ-दहा मिनिटं पुरे, डोकं हलकं वाटलं तर त्याआधीच उठावं. पाणी टाकायचं झालं तर शेजाऱ्यांना विचारून, एका वेळी एकच डाव. बादली ओतली तर दगड विझतात आणि सगळ्यांचीच मजा जाते.

बाहेर आलं की तळ्यात. हिवाळ्यात बर्फ फोडून राखलेल्या भोकात शिडीने हळूहळू उतरावं, उडी मारू नये. अचानक गार लागलं की नकळत जोरात श्वास आत ओढला जातो, आणि डोकं पाण्याखाली असेल तर पाणी नाकातोंडात जातं. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी हा भाग सोडावा. भरल्या पोटी किंवा दारू पिऊन तर कुणीच जाऊ नये.

नंतर भूक लागतेच. लाउकोंतोरीच्या बाजारात मुस्तामाक्करा मिळतं, लिंगनबेरी या आंबट लाल फळाच्या मुरंब्यासोबत. हे डुकराच्या रक्ताचं आणि राय या धान्याचं सॉसेज आहे, नुसता काळा रंग पाहून घेऊ नये. न खाणाऱ्यांनी प्युनिक्की मनोऱ्याखालच्या कॅफेत डोनट आणि कॉफी घ्यावी.